किल्टवर काय घालावे? एका औपचारिक निमंत्रणाचा उलगडा

अल वक्रा : जानेवारी उजाडला की आखातातील स्कॉटिश मंडळींना ‘बर्न्स सपर’चे वेध लागतात. स्कॉटलंडचा लोकप्रिय कवी रॉबर्ट बर्न्स याचा जन्म २५ जानेवारी १७५९ चा. त्या तारखेच्या आसपास जगभर त्याच्या नावाने औपचारिक भोजने होतात. कार्यालयातील स्कॉटिश सहकाऱ्यांमुळे मराठी अभियंते, बँक अधिकारी आणि डॉक्टर यांनाही अशी निमंत्रणे येतात. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत पोशाखाची सूचना असते : ‘ब्लॅक टाय किंवा हायलँड ड्रेस’. कधी त्यापुढे ‘किंवा राष्ट्रीय पोशाख’ हे शब्दही असतात. एखादा स्नेही स्वतःजवळचा जादा किल्ट देऊ करतो. तो मनापासून दिलेला असल्याने नाकारणे जड जाते. खरा प्रश्न मात्र त्यानंतर उभा राहतो. किल्ट मिळाला, पण वर, खाली आणि कमरेला काय?

चुकीचा मेळ घातला तर यजमानांच्या पोशाखाची थट्टा केल्यासारखे दिसण्याची भीती असते, आणि ती अनाठायी नाही. १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने हायलँडमधील पुरुषांना हा वेश घालण्यास बंदी केली होती. ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या स्वागतसोहळ्यात हाच वेश दरबारी ठरला. एकेकाळी दंडनीय असलेले वस्त्र अंगावर चढवताना पाहुण्याने थोडी माहिती करून घ्यावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

ही माहिती मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. आजचा शिवलेला किल्ट हा नंतरचा अवतार आहे. मूळ ‘ग्रेट किल्ट’ म्हणजे न शिवलेले लांबलचक लोकरी कापड. ते रोज हाताने निऱ्या घालून पट्ट्याने कमरेला आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. धोतर आणि उपरण्याशी त्याचे नाते सांगण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नसावी. फरक इतकाच, की धोतराच्या निऱ्या पुढे आणि किल्टच्या मागे.

धोतराचे जे व्याकरण, तेच किल्टचेही. धोतरावर बंडी असली तर माणूस घरात आहे आणि लांब कोट व पगडी असली तर सभेला निघाला आहे, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सांगावे लागत नसे. कतारमध्ये हे रोज दिसते. पांढरा थोब तोच. त्यावर बिश्त चढला की प्रसंग समारंभाचा झाला. १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलच्या मैदानावर विश्वचषक उचलण्यापूर्वी मेस्सीच्या खांद्यांवर जो झिरझिरीत काळा झगा घातला गेला, तो बिश्तच होता. किल्टही तसाच. खालचे वस्त्र बदलत नाही. वरचा कोट प्रसंग सांगतो.

त्यामुळे ‘ब्लॅक टाय’ लिहिले असेल तर किल्टवर ‘प्रिन्स चार्ली’ हा आखूड काळा कोट घालावा. तो पुढून उघडाच ठेवायचा असतो. आत तीन गुंड्यांचे वेस्टकोट, पांढरा शर्ट आणि काळा बो टाय. टार्टनच्या चौकटींचा बो टाय भाड्याच्या संचांत पुष्कळदा येतो, पण काळ्याची शान त्याला नाही. वेस्टकोट असताना वरून पट्टा बांधू नये. ‘आर्गाइल’ कोट थोडा कमी औपचारिक. काळ्या कापडाचा आणि चांदीच्या गुंड्यांचा असेल तर भोजनालाही चालतो. ट्वीडचा कोट मात्र दिवसासाठी. कार्यालयातला सूटचा कोट किल्टवर कधीही घालू नये. त्याची लांबी निऱ्या झाकते आणि सगळा तोल बिघडतो.

किल्ट कमरेला, साधारण बेंबीच्या उंचीवर बसतो. जीन्ससारखा खाली नाही. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्याशी यावी. पुढे लोंबणारी थैली म्हणजे ‘स्पॉरन’. किल्टला खिसे नसल्यामुळे फोन आणि मेट्रोचे कार्ड तिच्यातच जाते. भोजनासाठी फर आणि साखळीची, दिवसा साध्या चामड्याची. सीलच्या कातड्याची थैली घेऊन पुढे अमेरिकेला जायचे असेल तर विचार करावा. तेथे १९७२ च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांपासून बनलेल्या वस्तूंवर कडक निर्बंध आहेत. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांतून आरपार नेली तर कापड ओढले जाऊन फाटते. मोज्यात खोचायचा ‘स्कीयन डू’ हा छोटा सुरा कतारमध्ये घरीच राहिलेला बरा. विमानाच्या हातसामानात तर तो नकोच.

टार्टन कोणत्या घराण्याचा, या चिंतेने पाहुणे अकारण बेजार होतात. घराणे आणि चौकडी यांची आजची काटेकोर सांगड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे. स्नेह्याने दिलेला त्याच्या घराण्याचा टार्टन घालणे हा त्याचा मान ठेवणे होय. स्वतः भाड्याने घ्यायचा असेल तर ‘ब्लॅक वॉच’सारखा सर्वांना चालणारा निवडावा.

आता स्थानिक अडचण. जानेवारीच्या रात्री अल वक्राच्या किनाऱ्यावर गारवा असतो, त्यामुळे जाड लोकर सुसह्य होते. मार्च-एप्रिलमधल्या समारंभाला हलके कापड शोधावे. अवघड भाग गुडघ्यांचा आहे. सार्वजनिक ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, अशी कतारमध्ये सूचना आहे आणि किल्टमध्ये बसले की गुडघे दिसतातच. अल वक्राहून रेड लाइनने दोह्याच्या हॉटेलपर्यंत किल्टमध्ये जाण्यापेक्षा मोटारीने जावे किंवा वर लांब ओव्हरकोट घ्यावा. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी ‘ट्रूज’ म्हणजे टार्टनची विजार हा स्कॉटिश परंपरेतलाच उपाय आहे, आणि तिच्यावर नेहमीचा डिनर जॅकेट शोभतो. ब्रिटिश नौदलाने उष्ण समुद्रांसाठी रूढ केलेला ‘रेड सी रिग’, म्हणजे कोटाविना पांढरा शर्ट आणि कमरबंद, आखातात अजून दिसतो. पण निमंत्रणात तसे लिहिले असेल तरच.

‘राष्ट्रीय पोशाख’ हे शब्द असतील तर मराठी पाहुण्याने किल्टच्या मागे लागण्याचे कारण नाही. अर्धवट जुळवलेल्या किल्टपेक्षा नीट नेसलेले धोतर आणि बंद गळ्याचा काळा कोट केव्हाही उजवा. पैठणी नेसणाऱ्यांना तर हा प्रश्नच पडत नाही. एल्फिन्स्टन, माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हे सारे स्कॉटिशच होते. त्या भोजनात आपली ओळख करून देताना बोलायला विषय कमी पडणार नाही.

किल्टच घालायचे ठरले, तर घरी एकदा खुर्चीत बसून पाहावे. बसताना हाताने मागच्या निऱ्या सपाट करत खाली घ्यायच्या आणि स्पॉरन दोन्ही मांड्यांच्या मधोमध येऊ द्यायचा. सराव नसेल तर चुरगळलेल्या निऱ्या उठल्यावर सर्वांना दिसतात.