वजनकांट्यावर रोज उभें राहावें काय?

पूर्वीं मनुष्याचें वजन करण्याचे प्रसंग आयुष्यांत थोडे येत. तान्ह्या मुलानें बाळसें धरलें कीं नाहीं, हें आजी त्यास कडेवर घेऊनच ओळखीत असे. नवस फेडावयाचा असल्यास देवळांत मुलाची गुळानें तुला होई. आणि मोठेपणीं आगगाडीच्या प्रवासास निघालें असतां स्थानकावरील यंत्रांत नाणें टाकून वजनाचें तिकीट घेणें ही एक मौज असे. त्या तिकिटावर भविष्यहि छापलेलें असे, व वजनाच्या आंकड्यापेक्षां भविष्याकडेच लोकांचें लक्ष अधिक लागे. आतां तें यंत्र घरांत आलें आहे. आमच्या नगरांत, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव प्राप्त झालें आहे, सावेडीच्या नव्या वस्तीपासून जुन्या गांवांतील वाड्यांपर्यंत पुष्कळ सुशिक्षितांच्या न्हाणीघरांत कांचेचा चपटा वजनकांटा असतो, आणि स्नानाआधीं त्यावर उभें राहणें हा कित्येकांच्या नित्यकर्माचा भाग होऊन बसला आहे. हा नित्यनेम चालवावा कीं सोडावा, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील धाकटी सून बाळंतपणानंतर रोज सकाळीं कांट्यावर उभी राहूं लागली. आंकडा अर्धा किलो पुढें सरकला कीं त्या दिवशीं तिच्या पानांत भात पडत नसे. अंगावर पिणारें मूल असतां ती दुपारीं नुसत्या ताकावर राही. वास्तविक मुलास पाजणाऱ्या मातेस पहिले सहा महिने नेहमींच्या आहाराहून रोज सुमारें ६०० उष्मांक अधिक लागतात, असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचें सांगणें आहे. त्याच घरांत सासऱ्यांचे सदरे सैल होत चालले होते. पायजम्याची नाडी चार बोटें अधिक ओढावी लागूं लागली, तरी ‘वयोमानानें होतें’ असें म्हणून सर्वांनीं तें सोडून दिलें. पुढें पायाची जखम भरेना म्हणून तपासणी केली, तेव्हां मधुमेह निघाला. जिला जरूर नव्हती तिचें वजन रोज होत होतें, आणि ज्यांस जरूर होती त्यांचें वर्षांतून एकदांहि झालें नाहीं. साऱ्या प्रश्नाचें मर्म आमच्या मतें या विपरीत व्यवस्थेंत आहे.

प्रथम, रोजचा आंकडा काय सांगतो तें पाहूं. सांक्टोरियस नांवाच्या इटालियन वैद्यानें तराजूस टांगलेल्या खुर्चींत बसून सुमारें तीस वर्षें स्वतःचें वजन केलें. खाल्लेलें अन्न, प्यालेलें पाणी व मलमूत्र हें सर्व तो तोलीत असे. पोटांत गेलेल्या पदार्थांच्या मानानें दृश्य रूपानें बाहेर पडणारा भाग पुष्कळच कमी भरतो, व उरलेला भाग त्वचेच्या आणि श्वासाच्या वाटेनें नकळत निघून जातो, असें त्यास आढळलें. त्याचा ग्रंथ १६१४ सालीं प्रसिद्ध झाला. शरीराचें वजन ही स्थिर वस्तु नसून क्षणोक्षणीं बदलणारी आहे, हा बोध त्याच्या खटाटोपापासून आजहि घेण्यासारखा आहे.

हा बदल मुख्यतः पाण्याचा असतो. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. लग्नाच्या पंगतींत लोणचें, पापड व मठ्ठा यथेच्छ झाला, तर मिठाबरोबर पाणीहि अंगांत राहतें, व दुसऱ्या दिवशीं कांटा पुढें गेलेला दिसतो. निर्जळी एकादशी केली तर तोच कांटा मागें येतो, आणि द्वादशीचें पारणें होतांच पुन्हा पूर्वस्थानीं जातो. स्त्रियांस मासिक धर्माच्या आधीं कांहीं दिवस असाच फरक दिसतो. निरोगी मनुष्याच्या वजनांत एक-दोन किलोंची अशी घडामोड सहज होते. चरबीची गोष्ट निराळी. एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांकांचा सांठा. तूप लावलेली पुरणपोळी तीनशे उष्मांकांची धरली, तर एका रात्रींत किलोभर चरबी चढण्यास नेहमींचें जेवण करून वर पंचवीस पोळ्या खाव्या लागतील! तेव्हां कालच्या एका पोळीचा पश्चात्ताप आजच्या आंकड्यावरून करणें हें गणितासच धरून नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं खरें वजन कळलें, तरी तें कशाचें आहे हें कांटा सांगत नाहीं. या बाबतींत आमच्या शेजारच्या पुण्यांत मोठें काम झालें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच उदाहरणें मांडलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु एकाच्या शरीरांत चरबी शेकडा ९, तर दुसऱ्याच्या शेकडा २१ निघाली. अधिक चरबी होती ती आपल्या पुणेकरांची. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहांत चरबी लपलेली असते, व ती बहुधा पोटाभोंवतीं असते. म्हणूनच आपल्या लोकांसाठीं वैद्यांनीं मर्यादा खालीं आणिली आहे. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें. भागाकार २३ च्या पुढें गेल्यास सावध व्हावें. १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यास ही मर्यादा सुमारें ५९ किलो येते. त्याहून सोपें साधन म्हणजे शिंप्याची टेप. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा. ही टेप दोन-तीन महिन्यांनीं एकदां लावली तरी पुरे.

आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टि येथें स्मरणीय वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंदित पुरुषांचा अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विस्तारानें विचार केला आहे. स्थूल कोण हें ठरवितांना चरकानें तराजू आणविलेला नाहीं. चालतांना ज्याचें पोट व नितंब हलतात आणि देहाच्या मानानें ज्याचा उत्साह उणा पडतो, तो स्थूल. उलट ज्याचें मांस सम व घट्ट आहे, जो भूक, तहान, थंडी, ऊन व श्रम सोसतो आणि खाल्लेलें नीट पचवितो, तो उत्तम शरीराचा. ही परीक्षा आजहि कोणास घरच्या घरीं करतां येते. जिना चढतांना धाप लागते काय, रात्रीं झोंप येते काय, बाजारांतून भाजीची पिशवी आणतांना हात भरून येतो काय, हें ज्याचें त्यास ठाऊक असतें.

कोणी म्हणेल, मग वजनकांटा फेंकूनच द्यावा काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जात आहे. पुष्कळ वजन उतरवून तें टिकविलेल्या हजारों लोकांची तींत नोंद आहे, आणि त्यांतील सुमारें शेकडा ७५ लोक आठवड्यांतून निदान एकदां वजन करतात असें आढळलें. ज्यानें वैद्याच्या सल्ल्यानें वजन उतरविण्याचें व्रत घेतलें आहे, त्यास आठवड्याचा आंकडा लगामासारखा उपयोगी पडतो. परंतु ज्याचें मन त्या आंकड्यानें दिवसभर झांकोळतें, जो त्यामुळें जेवण टाळूं लागतो, त्यास तोच लगाम गळफांसासारखा होतो. विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतींत हें ध्यानीं ठेवावें. ‘तूं अंगानें भरलीस’ असें आत्याबाईंनीं पंगतींत थट्टेनें म्हटलेलें वाक्य चौदा वर्षांच्या मुलीच्या मनांत किती खोल जातें, याची वडील मंडळींस कल्पना नसते.

कांट्याचा खरा उपयोग पाहावयाचा असेल तर आमच्याच जिल्ह्यांतील जामखेडास जावें. या दुष्काळी मुलखांत १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. गांवोगांवच्या स्त्रियांस त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक समाजानें अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. पांच वर्षांखालील मुलांचीं वजनें करून तीं तक्त्यावर मांडणें हें त्यांच्या कामांपैकीं एक होतें. तक्त्यावरील रेघ खालीं वळली कीं सेविका त्या घरीं जाई, मुलाच्या खाण्याची चौकशी करी, जुलाब होत असल्यास मीठ-साखरेचें पाणी द्यावयास शिकवी. त्या भागांत १९७१ च्या सुमारास हजारीं १७६ तान्हीं मुलें वर्षाच्या आंत दगावत. पुढील पंचवीस वर्षांत तो आंकडा ३० च्या खालीं आला. याचें श्रेय एकट्या कांट्यास कोणी देणार नाहीं. पण त्या गांवांतील प्रत्येक वजनापाठोपाठ कोणी तरी उठून कांहीं तरी करीत असे, हें महत्त्वाचें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अंगणवाडींत दरमहा मुलांचीं वजनें होतात, त्यांचा हेतुहि हाच.

पूर्वींच्या तुलादानांतहि वजनामागून कृति येत असे. १६७४ सालीं रायगडावर छत्रपतींची सुवर्णतुला झाली, ती आंकडा कळावा म्हणून नव्हे, तर तेवढें सोनें दान व्हावें म्हणून. ज्या वजनानंतर कोणाचेंहि भलें करावयाचें नसतें, तें केवळ मनास लागलेली संवय होय.

तेव्हां आमची सूचना अशी. निरोगी प्रौढ स्त्रीपुरुषांनीं रोजचें वजन सोडावें. महिन्यांतून एकदां, ठरल्या दिवशीं, सकाळीं शौचानंतर व न्याहारीपूर्वीं, सारख्याच कपड्यांत वजन करून वहींत टिपावें. तीन महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून मग काय तें ठरवावें. साठीच्या पुढील मंडळींची नोंद मात्र कधीं चुकवूं नये. प्रयत्न न करतां सहा महिने ते वर्षभरांत वजन शेकडा ५ नें घटलें, म्हणजे ६० किलोंच्या मनुष्याचें ३ किलोंनीं उतरलें, तर वैद्यांकडे जावेंच. गरोदर स्त्रीचें व लहान मुलांचें वजन वैद्य किंवा परिचारिका सांगतील तेव्हां करावें. दुर्बल हृदयाच्या रोग्यानें रोज करणें हेंच योग्य; कारण तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ म्हणजे अंगांत पाणी सांचत असल्याची खूण असूं शकते, व ती डॉक्टरांस तत्काळ कळवावयास पाहिजे.

घरांतील कर्त्या मंडळींनीं आणखी एक करावें. कांटा न्हाणीघरांतून काढून माजघरांत, आजी-आजोबांच्या खोलीजवळ ठेवावा, व जवळच्या खुंटीस ती वही आणि पेन्सिल टांगावी. पाठ धरलेल्या वृद्धांस त्यावर चढतांना आधाराला एकानें उभें राहावें. आणि बाळंतिणीच्या पानांत भात पडतो कीं नाहीं, हें वाढणाऱ्या हातानें पाहावें.