घरचे जनित्र आणि खांबावरचा माणूस

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे हजारो खांबही. कोकणातील कित्येक गावे पुढे बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी पेट्रोलवर चालणारे लहानसे जनित्र, म्हणजेच जनरेटर, मोठा आधार वाटतो. परंतु चुकीच्या रीतीने जोडले तर हेच जनित्र दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर उठू शकते. ते कसे, हे आपण पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, गावाच्या कडेला कुंपणात उभे असलेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तुम्ही पाहिले असेल. दुरूनच त्यावरील पाटी वाचता आली, तर तिच्यावर बहुधा ११००० आणि ४३३ हे आकडे दिसतील. ११,००० व्होल्ट दाबाने आलेली वीज येथे खालच्या दाबावर उतरते आणि आपल्या घरात सुमारे २३० व्होल्टने पोहोचते.

रोहित्राचे तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातील प्रवाह बदलला, की दुसऱ्यात विद्युतदाब निर्माण होतो. दाब किती, हे वेढ्यांच्या गुणोत्तरावर ठरते. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की वीज कोणत्या बाजूने आत शिरावी याचे रोहित्राला काहीच बंधन नाही. ११,००० चे २३० करणारे रोहित्र उलट बाजूने वीज दिल्यास २३० चे पुन्हा हजारो व्होल्ट करते.

समजा, एखाद्याने जनित्राची वायर सरळ घरातील प्लगमध्ये खुपसली आणि मेन स्विच बंद करायचे राहून गेले. ती वीज मीटरमधून उलट रस्त्यावरच्या तारेत व तेथून रोहित्रात शिरते. वस्तीतील घरांचा भार जोडलेला असेल, तर लहान जनित्र लगेच दबून बंद पडेल. पण तारा तुटल्यामुळे तो भारच सुटलेला असेल, तर वरच्या तारेत सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब उभा राहू शकतो. आणि त्याच वेळी पुढच्या खांबावर वायरमन चढलेला असतो! तार तपासून ती जमिनीशी जोडल्यावरच काम सुरू करावे, असा नियम आहे. पण त्याचा जीव त्या एकाच खबरदारीवर का टांगून ठेवावा?

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याची रचनाच अशी असते, की घर एका वेळी एक तर बाहेरच्या तारेला जोडले जाईल, नाही तर जनित्राला. दोन्हींना कधीच नाही. तो परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावा. तो नसेल, तर जनित्र घराच्या वायरिंगला मुळीच जोडू नये. जनित्रावरच्या सॉकेटमधून चांगल्या वायरने दिवा, पंखा थेट चालवावा.

आता थोडे गणित करू. २ केव्हीए क्षमतेचे जनित्र २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह देते. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालू असताना सहा-सात अँपिअर घेतो. म्हणजे हिशेब जमला असे वाटते. परंतु सुरू होतानाच्या क्षणी मोटर स्थिर असते, आणि तेव्हा ती याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. जनित्राला ते झेपत नाही. म्हणून वादळाची सूचना मिळताच, वीज असतानाच वरची टाकी भरून घ्यावी. उंचावरचे पाणी हाही ऊर्जेचा साठाच आहे. त्याच वेळी मोबाइल व बॅटऱ्याही भारून ठेवाव्यात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो आणि माणूस झोपेतच गुदमरतो. म्हणून जनित्र खोलीत, पडवीत किंवा जिन्याखाली कधीही चालवू नये. ते उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर आणि पावसाने भिजणार नाही अशा बेताने ठेवावे. पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे.

तुमच्या घरी, शाळेत किंवा शेजारी जनित्र असेल, तर एक काम जरूर करा. ते घराच्या वायरिंगला कसे जोडतात, हे मोठ्या माणसांना विचारा. चेंजओव्हर स्विच नसेल, तर रोहित्र दोन्ही दिशांनी चालते ही गोष्ट त्यांना समजावून सांगा. पुढच्या वादळानंतर तुमच्याच गावची वीज जोडायला जो माणूस खांबावर चढेल, त्याच्यासाठी एवढे केलेच पाहिजे.