बीटल गाडीचा थर्मामीटर

वाचकहो, माझी सारी नोकरी माणसांचा ताप मोजण्यात गेली. आता सत्तरीनंतर गाडीचा ताप बघते आहे! माझ्या भाच्याकडे १९७० सालची फोक्सवॅगन बीटल आहे. या उन्हाळ्यात त्याने तिच्या इंजिनात घड्याळासारखी तबकडी असलेली तेलाची पट्टी बसवली. बघणारा प्रत्येक जण विचारतो, "ही कशाला?" म्हणून हा लेख.

ही गोल पाठीची गाडी १९५२ पासून कॅनडात विकली जात होती. शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत तयार झाली. तोपर्यंत जगभरात दोन कोटींहून जास्त गाड्या बनल्या होत्या.

मुलांनो, आधी डिपस्टिक म्हणजे काय ते सांगते. इंजिनाच्या तळाशी तेल असते. ते किती आहे हे पाहायला एक लांब पट्टी आत घातलेली असते. ती ओढून काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत लागले ते बघायचे. विहिरीत काठी बुडवून पाणी बघतात ना, तसेच.

आता आपल्या जुन्या मंडळींना खंडाळ्याचा घाट आठवेल. मुंबईहून पुण्याला जाताना मे महिन्यात फियाट तापायची, रेडिएटरमधून वाफ यायची आणि सगळे खाली उतरून पाण्याची बाटली शोधायचे. त्रास होता खरा, पण गाडी निदान ओरडून सांगत होती की मला ताप आला आहे. बीटलमध्ये रेडिएटरच नाही. तिचे इंजिन मागे असते आणि पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. उकळायला पाणी नाही, म्हणजे वाफही नाही. कंपनीने तापमानाचा काटाही दिला नव्हता. तेल फार तापले की पातळ होते आणि आतले धातूचे भाग एकमेकांवर घासू लागतात. सगळे मिळून तेल अडीच लिटर, आणि इंजिन गार ठेवण्याचे बरेचसे काम तेच करते. म्हणून त्या तेलाचा ताप कळायला हवा.

या नव्या पट्टीच्या आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. त्यामुळे ती पिळली जाते आणि वरचा काटा फिरतो. वीज नको, तार नको. मात्र आकडा बघायला गाडी थांबवून मागचे झाकण उघडावे लागते. चालवताना बघायचे असेल तर तारेने पुढच्या काट्याला जोडलेली पट्टीही मिळते.

पट्टी बसवणे म्हणजे जुनी काढून नवी घालणे, एवढे सोपे दिसते. पण भाच्याला मी म्हटले, "अरे, थर्मामीटर नवा आला की आम्ही आधी तपासून घ्यायचो." मग आम्ही ती पट्टी उकळत्या पाण्यात धरली. टोरांटोत काटा शंभराजवळ यायला हवा. कॅल्गरी हजार मीटरहून उंच आहे. तिथे पाणी शहाण्णव-सत्याण्णवलाच उकळते, म्हणून तिथे काटा तेवढाच दाखवेल. नंतर पट्टी पुसून अगदी कोरडी केली, कारण तेलात पाण्याचा थेंबही नको.

दुसरी तपासणी लांबीची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड. आधी जुन्या पट्टीने तेल बघितले, मग नव्या पट्टीने. दोन्हींची खूण जुळली पाहिजे. नवी पट्टी थोडी जरी आखूड किंवा लांब असली तरी तेल आहे त्यापेक्षा कमी किंवा जास्त वाटते, आणि माणूस उगाच ओतत बसतो किंवा ओतायचे तेव्हा ओतत नाही. पट्टीचे टोक तेलात नीट बुडले पाहिजे, धातूला टेकता कामा नये. वरची टोपी घट्ट बसली पाहिजे. बीटलमध्ये शेजारीच पट्ट्याची पुली फिरते, म्हणून तबकडी आणि तार तिच्यापासून दूर हवी. आकडा वाचायचा तो इंजिन बंद करूनच. ओढणी, पदर, बाही सांभाळा!

आकडा कसा वाचायचा? बराच वेळ चालवल्यावर साधारण ऐंशी ते एकशेदहा अंश सेल्सियस ठीक. एकशेवीसच्या वर गेला तर वेग कमी करून थांबावे आणि कारण शोधावे. तेल कमी आहे का? पट्टा सैल आहे का? इथे तर हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात आणि उंदीर पंख्याच्या घरात घरटे करतात! वारा अडला की इंजिन तापणारच. अशा वेळी नुसते महाग तेल ओतणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

भाच्याच्या मुलीने विचारले, "आजी, कॅनडात एवढी थंडी, मग तापाची काळजी कशाला?" प्रश्न छान आहे. इथे उलटा त्रासही असतो. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते. दुकानापर्यंत पाच मिनिटे जाऊन आलो तर ते तापतच नाही. मग आत जमलेला ओलावा उडून जात नाही आणि तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा फिकट लगदा दिसतो. इतर गाड्यांत इंजिनाचे पाणी गरम ठेवायला विजेचा हीटर लावतात. बीटलमध्ये पाणीच नाही, म्हणून पूर्वी कोणी कोणी डिपस्टिकच्याच भोकात विजेची गरम कांडी घालत. तिच्याभोवतीचे तेल करपण्याची भीती असे. तेव्हा काटा साठच्या खाली असेल तर इंजिन जोरात पळवू नये, हेही पट्टी सांगते. गरम देशांत काहींनी इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला. इथे तो असायलाच हवा.

एक गोष्ट मात्र पट्टी वेळेवर सांगणार नाही. पंख्याचा पट्टा तुटला तर पुढचा लाल दिवा लागतो, कारण तोच पट्टा जनरेटरही फिरवतो. तो दिवा लागला की काटा बघत बसू नका, लगेच बाजूला थांबा.

भाच्याने आता एक वही केली आहे: तारीख, बाहेरची हवा, किती मैल, तेलाचा आकडा. आमच्या वॉर्डातल्या तक्त्यासारखी. पुढच्या महिन्यात तिला किंग्स्टनपर्यंत न्यायचे ठरले आहे. जुनी पट्टी पुसून, कापडात गुंडाळून डिक्कीत ठेवली आहे. शंका आली की दोन्ही ताडून बघायच्या.