अजेले आणि बारा

सॅम्युअल जॉन्सन यांनी योरुबांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. हस्तलिखित गहाळ झाले, लेखकही वारले. भावाने टिपणांवरून तो पुन्हा सिद्ध केला आणि १९२१ मध्ये ग्रंथ छापून निघाला. आजच्या नैर्ऋत्य नायजेरियातील ओयो साम्राज्याविषयी त्यात वाचताना दोन संस्था मला शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटल्या: अजेले आणि बारा.

अजेले म्हणजे मांडलिक गावी नेमलेला सम्राटाचा माणूस. त्याला सुभेदार म्हणणे मला पटत नाही. गावचा राजा, ‘ओबा’, गादीवरच राही. अजेले त्याच्याशेजारी राहून खंडणीवर आणि निष्ठेवर नजर ठेवी. आपल्या संस्थानांतला रेसिडेंट आठवावा. हा पाहुणा गावाला जड होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस एग्बा लोकांनी लिसाबीच्या नेतृत्वाखाली ओयोचे अधिकारी कापून काढले, असे परंपरा सांगते. पुढे इबादानने हीच पद्धत उचलली. १८७८ मध्ये ओकेमेसीच्या फाबुन्मीने इबादानच्या अजेलेला ठार केले आणि एकितीपारापो संघाचे युद्ध पेटले. तह व्हायला १८८६ उजाडले.

‘बारा’ हा आपला आकडा नव्हे. ती ओयोच्या राजांची दफनभूमी. नवा राजा, म्हणजे अलाफिन, राज्याभिषेकाच्या विधींत तिथे पूर्वजांच्या पूजेसाठी जाई. त्यानंतर तो तिथे परते तो मृत्यूनंतरच. या थडग्यांची राखण करणारी मानकरीण म्हणजे इयामोदे. जॉन्सन सांगतात, अलाफिन तिला पित्यासमान मानतो, तशीच हाक मारतो आणि गुडघे टेकून वंदन करतो. इतर कोणाही माणसापुढे तो असे गुडघे टेकत नाही. शांगो देवापुढे आणि तो अंगात आलेल्यांपुढे मात्र लोटांगण घालतो.

अजेलेचा अधिकार अलाफिनकडून आलेला, आणि अलाफिनचा पूर्वजांकडून. पहिला दुवा फौजेवर टिकून होता. फौज दुबळी झाली की गावे अजेलेवर उठत. दुसऱ्याला फौजेची गरज नव्हती. १८३० च्या दशकात जुनी राजधानी ओयो-इले ओस पडली, दरबार दक्षिणेकडे नव्या ओयोत आला. जॉन्सन लिहीत होते तेव्हा साम्राज्य उरले नव्हते, दूरच्या गावांवर हुकूम चालत नव्हता. अलाफिन मात्र इयामोदेपुढे गुडघे टेकतच होता.