जेट विमान जमिनीवर कसे उतरते

विमानप्रवासात एक गोष्ट पुष्कळांना कोड्यात टाकते. विमान खाली येऊ लागले, शेते आणि घरांची छपरे दिसू लागली, म्हणजे एंजिने शांत व्हावीत अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. बैलगाडी असो वा आगगाडी, मुक्काम जवळ आला की ओढणारी शक्ती आवरती घ्यावयाची, हाच आपला नित्याचा अनुभव. जेट विमानात मात्र धावपट्टी जवळ येते आणि एंजिनांची घरघर उलट वाढते. काही बिघडले तर नाही ना, अशी शंकाही एखाद्याच्या मनाला चाटून जाते. वस्तुतः त्या आवाजातच प्रवाशांची सुरक्षितता सामावलेली असते. ती कशी, हे पाहू.

विमानाला हवेत तोलून धरतात ते त्याचे पंख. पंखावरून हवा जितक्या वेगाने वाहते, तितके हे उचलून धरणारे बल अधिक. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केला तर, पंखाची स्थिती तीच राहिल्यास, हे बल एकचतुर्थांश होते. आता जेट विमान बांधलेले असते ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास उडण्यासाठी. म्हणून त्याचे पंख पातळ आणि मागे वळलेले असतात. १९६४ साली प्रवासी वाहतुकीत आलेल्या बोइंग ७२७ या विमानाचे पंख ३२ अंशांनी मागे झुकलेले होते. असे पंख वेगवान उड्डाणास उत्तम. परंतु मंद गतीत ते दुबळे पडतात. आणि उतरावयाचे तर मंद गतीनेच उतरले पाहिजे.

या पेचातून मार्ग काढला तो पंखाचा आकारच बदलून. उतरताना पंखाच्या मागील कडेतून मोठ्या झडपा बाहेर सरकतात व खाली वळतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. ७२७च्या फ्लॅपचे तीन भाग एकामागून एक उलगडत, आणि पंखाच्या पुढच्या कडेवरही अशीच पाती उघडत. पंख जणू रुंद आणि कमानदार होई, व ताशी अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेरच्या वेगातही विमान तोलले जाई. पण या सोयीचे मोल द्यावे लागते. उघडलेले फ्लॅप आणि खाली सोडलेली चाके हवेला अडवतात, विमानाला मागे खेचतात. त्यावर मात करण्यासाठी एंजिनांचा रेटा वाढवावा लागतो. तीच ती घरघर.

येथे जेट एंजिनाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या प्रॉपेलरच्या विमानात वैमानिकाने शक्ती वाढविली की पात्यांनी मागे लोटलेला वारा तत्काळ पंखावरून वाहू लागे आणि विमान लगेच सावरे. जेट एंजिन मंद फिरत असेल, तर त्याची चक्रे पूर्ण वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात. म्हणूनच प्रवासी विमानांच्या नियमांत, दांडी पुढे ढकलल्यावर आठ सेकंदांनी जेवढा रेटा मिळेल तेवढाच, उतरता उतरता पुन्हा चढण्याच्या कसोटीसाठी हिशेबात धरतात. आठ सेकंद हा घरी बसून लहान वाटणारा काळ. जमिनीपासून शंभर मीटरांवर तो फार मोठा.

याचे दारुण प्रत्यंतर ११ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे आले. युनायटेड एअरलाइन्सचे एक ७२७ तेथे उतरत होते. सामान्यतः विमान तीन अंशांच्या उतरणीने, दर सेकंदास साडेतीन-चार मीटर खाली येते. हे विमान अकरा मीटरांहून अधिक वेगाने खाली येत होते. सहवैमानिकाने शक्ती वाढविण्यास हात पुढे केला. मुख्य वैमानिकाने तो बाजूस सारला. पुढे शक्ती वाढविली तेव्हा उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या सुमारे शंभर मीटर अलीकडे आदळले, इंधननळी फुटून आग लागली आणि ९१ जणांपैकी ४३ मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९६५ ते फेब्रुवारी १९६६ या काळात ७२७ विमानांना उतरण्याच्या सुमारास झालेल्या चार अपघातांपैकी हा एक होता. साहजिकच लोक विमानाकडेच संशयाने पाहू लागले. परंतु या अपघाताच्या चौकशीने बोट ठेवले ते खाली येण्याचा अतिरिक्त वेग वेळीच न रोखण्यावर. ७२७ पुढेही उडत राहिले. १९८४पर्यंत अशी अठराशेंहून अधिक विमाने तयार झाली. वैमानिकांच्या शिक्षणात मात्र खाली येण्याच्या वेगावर नजर ठेवणे आणि एंजिने सदैव 'जागी' ठेवणे, यांवर भर आला.

आजची शिस्त त्याच अनुभवातून घडली आहे. जमिनीपासून सुमारे तीनशे मीटरांवर येईतो चाके खाली, फ्लॅप ठरलेल्या जागी, वेग आणि उतरण नेमकी, एंजिनांचा रेटा योग्य, हे सारे जुळलेले असले पाहिजे. हवा स्वच्छ असेल तर पुष्कळ कंपन्या ही मर्यादा दीडशे मीटरांपर्यंत खाली आणतात. एवढ्यानेही जमले नाही, तर विमान न उतरवता पुन्हा वर न्यावयाचे व फेरी मारून यावयाचे.

तेव्हा धावपट्टी समोर दिसत असताना विमान गर्जना करीत पुन्हा आकाशात चढले, तर प्रवाशांनी वैमानिकास अकुशल समजू नये. तसेच ओल्या धावपट्टीवर चाके जरा ठामपणे टेकली, तर नाकही मुरडू नये. चाकांची पकड लवकर बसावी म्हणून ते मुद्दामच केलेले असते. अलगद उतरण्याच्या हौसेपायी धावपट्टीचा मोठा भाग मागे टाकणे, हे त्याहून धोक्याचे. घरी पोहोचण्यास पंधरा मिनिटे उशीर झाला, एवढीच काय ती आपली तक्रार उरते. आणि ती करावयास आपण सुखरूप असतो.