भावना मोजण्याचा गज कोणाचा?

दर वर्षी मार्च महिन्यात जगातील देशांच्या सुखाची क्रमवारी प्रसिद्ध होते आणि आपण किती खाली आहोत याची चर्चा दोन दिवस रंगते. २०१२ पासून निघणाऱ्या या अहवालाचा पाया एक साधा प्रश्न आहे : शून्य ते दहा अशा शिडीवर आपण स्वतःला कोणत्या पायरीवर मानता? प्रश्न सोपा असला तरी शिडी सर्वांच्या मनात सारखीच उभी असते, हे गृहीत धरावे काय? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज यांचा अनुभव याबाबत बोलका आहे.

हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करीत असताना १९६३ साली ब्रिग्ज कॅनडाच्या अतिउत्तरेकडील चँट्री इनलेट येथे गेल्या. उत्कु नावाच्या इनुइट समूहाची वीस-तीस माणसे तेथे मासेमारी करून राहत. एका कुटुंबाने त्यांना कन्या मानून आपल्या तंबूत व हिमगृहात जागा दिली. सुमारे सतरा महिने त्या तेथे राहिल्या.

या समाजात ‘इहुमा’ म्हणजे विवेक, समज. ती वयाबरोबर वाढते, असे ते मानतात. म्हणून आदळआपट करणाऱ्या तान्ह्या मुलावर कोणी डाफरत नाही. त्याला अजून समज कोठे आली आहे? परंतु प्रौढ माणूस चिडला तर तो पोरकट ठरतो आणि त्याची थोडी भीतीही वाटते. अर्थात, उत्कु माणसे संत नव्हेत. कुत्र्यांना मार बसे, त्याला शिस्त म्हटले जाई!

१९६४ च्या उन्हाळ्यात बाहेरचे हौशी मासेमार विमानाने आले. उत्कुंच्या दोन होड्यांपैकी एक त्यांनी वापरून मोडली व दुसरी मागितली. जाळी टाकण्यास तेवढेच साधन उरले होते. ब्रिग्ज संतापल्या आणि त्या पाहुण्यांना त्यांनी कडक शब्दांत सुनावले. आपल्याकडे अशा बाईचे कौतुक झाले असते. मानलेल्या पित्याने मात्र शांतपणे होडी देण्यास संमती दिली, आणि वाळीत पडल्या त्या ब्रिग्जच! अन्न येत राहिले, बोलणे सौजन्याचेच होते. फक्त त्यांच्या तंबूकडे कोणी फिरकेनासे झाले. आपल्यावर बहिष्कार आहे हेच त्यांना प्रथम उमगले नाही. काही महिन्यांनी, त्या उत्कुंच्याच हितासाठी रागावल्या होत्या हा खुलासा दूरच्या वस्तीतील परिचितांच्या पत्रातून पोहोचला, तेव्हा कोठे दुरावा ओसरला.

अन्यायावरील रोष हा आपल्या लेखी सद्गुण. तेथे तो अपक्वतेची खूण. मग ‘काल तुम्हाला राग आला होता काय?’ या प्रश्नाला आलेली दोन समाजांची उत्तरे एकाच रकान्यात मांडून बेरीज करणे धाडसाचे आहे. आकडेवारी टाकाऊ आहे असे नव्हे. भूक आणि आजार यांना सर्वत्र एकच अर्थ असतो. पण आकड्यामागची भाषा शिकण्यास वेळ लागतो आणि त्यासाठी कधी संशोधकालाच चुकावे लागते.

ब्रिग्ज यांनी आपली फजिती लपविली नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेव्हर इन अँगर’ या ग्रंथात ती सविस्तर आली आहे. पुढे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात अध्यापन करीत त्या पुन्हा पुन्हा इनुइटांकडे गेल्या. १९९८ च्या त्यांच्या ग्रंथाचा विषय एवढाच होता : तीन वर्षांची एक मुलगी, आणि थट्टेच्या सुरात तिला अवघड प्रश्न विचारणारी मोठी माणसे.