ल्युपस असेल तर चेहऱ्यासाठी सनस्क्रीन कसं निवडायचं? नुसता ‘एसपीएफ ५०’ पाहून भागत नाही

पुण्याच्या मार्केट यार्डात दिवस पहाटेच सुरू होतो. अंधारात गाड्या उतरवल्या जातात, फुलबाजार उजाडायच्या आत गजबजतो. पण माल निवडायला बसलेल्या बायका, किरकोळ विक्रेत्या, हमाल, तोलणार यांचं काम ऊन चढलं म्हणून थांबत नाही. अशा ठिकाणी काम करणाऱ्या एखादीला ल्युपस झाल्याचं निदान झालं, तर डॉक्टरांकडून हमखास मिळणाऱ्या सूचना दोन: उन्हात जाऊ नका आणि सनस्क्रीन लावा.

पहिली सूचना पाळायची तर रोजगार बुडतो. मग सगळी भिस्त सनस्क्रीनवर येते. मेडिकलच्या काउंटरवर मात्र जेल, क्रीम, स्प्रे, मिनरल, हर्बल अशी रांग लागलेली असते आणि त्वचा आधीच इतकी हळवी झालेली असते की चुकीची ट्यूब लावली तरी चेहरा भाजल्यासारखा होतो.

उन्हाचं आणि ल्युपसचं काय वैर?

ल्युपस म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनं आपल्याच पेशींवर उलटणं. दहातले साधारण नऊ रुग्ण या स्त्रिया असतात आणि आजार बहुतेकदा तरुण वयात, म्हणजे ऐन कामाच्या आणि बाळंतपणाच्या वर्षांत सुरू होतो.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या काही पेशी मरतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं आणि शरीर तो कचरा गुपचूप साफ करतं. ल्युपसमध्ये ही सफाई नीट होत नाही. मेलेल्या पेशींच्या केंद्रकातले घटक उघडे पडतात, प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि दाह सुरू होतो. तो कधी चेहऱ्यापुरता राहतो, तर काही रुग्णांत सांधे आणि मूत्रपिंडापर्यंतचा आजार उसळतो. गायिका सेलेना गोमेझला २०१७ मध्ये मूत्रपिंड बदलून घ्यावं लागलं, ते ल्युपसमुळेच.

घोळ असा की साधी उन्हाची लाही त्याच दिवशी कळते, पण ल्युपसचे चट्टे काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही उमटतात. त्यामुळे मागच्या रविवारच्या उन्हाचा आणि आजच्या चट्ट्याचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही. ‘मला ऊन बाधत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी म्हणूनच जरा जपून राहावं.

सनस्क्रीननं खरंच फरक पडतो का? जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये त्वचेचा ल्युपस असलेल्या २५ रुग्णांवर हे तपासलं. त्वचेच्या एका भागावर सनस्क्रीन आणि दुसऱ्या भागावर औषधी घटक नसलेलं नुसतं क्रीम लावून दोन्हींवर अतिनील किरण सोडले. नुसत्या क्रीमच्या जागी अनेकांना ल्युपसचे चट्टे उठले. सनस्क्रीन लावलेल्या जागी ते उठले नाहीत. अर्थात, तिथे ते पुरेसं जाड लावलेलं होतं. तो मुद्दा पुढे येतोच.

वांग, ॲलर्जी की ल्युपस?

पुस्तकातल्या फोटोत ल्युपसचा चट्टा गुलाबी-लाल, फुलपाखराच्या आकाराचा दिसतो. सावळ्या त्वचेवर तो बऱ्याचदा तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि घरातली मंडळी ‘वांग आलाय’ म्हणून मोकळी होतात. एक ढोबळ खूण आहे. ल्युपसचा चट्टा गाल आणि नाकाच्या दांडीवर पसरतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी सहसा मोकळी सोडतो. निदान मात्र रक्ताच्या चाचण्या आणि डॉक्टरांची तपासणी यांवरूनच होतं.

मार्केट यार्डासारख्या ठिकाणी आणखी एक गुंता असतो. झेंडू, शेवंती, ॲस्टर ही फुलं ज्या कुळातली, त्याच कुळातलं गाजर गवत. भारतात या गवताची पहिली नोंद झाली ती पुण्यातच, १९५० च्या दशकात. या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असणाऱ्यांचा चेहरा हवेतल्या कणांनीही सुजतो, खाजतो आणि उन्हात आणखी बिघडतो. ही ॲलर्जी पापण्या आणि मानेच्या वळ्यांमध्ये जास्त दिसते.

आणि लिंबू. चेहरा उजळायला लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर कोणाचीही त्वचा भाजून काळी पडू शकते. ल्युपसच्या रुग्णांनी तर हा प्रयोग करूच नये. चिठ्ठीशिवाय घेतलेलं स्टेरॉइडचं गोरेपणाचं क्रीमही तितकंच वाईट. त्यानं चार दिवस चट्टा दबतो आणि पुढे त्वचा पातळ होऊन साधं पाणीही झोंबायला लागतं.

ट्यूबवर काय वाचायचं?

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. आकडा वाढला तरी फरक एवढाच, पण ल्युपससाठी ५० किंवा त्याहून अधिक घेणं बरं, कारण प्रत्यक्षात कोणीच सांगितलं तेवढं लावत नाही.

ल्युपसमध्ये यूव्हीए किरणही तितकेच महत्त्वाचे. ते ढगांतून येतात, काचेतूनही येतात. टेम्पोची पुढची काच त्यांतले बरेचसे अडवते, बाजूची साधी काच तेवढे अडवत नाही. यूव्हीएसाठी ट्यूबवर ‘पीए’ पाहायचं. ही जपानी पद्धत आहे. त्यापुढे चार अधिक चिन्हं असतील तर सर्वांत चांगलं, निदान तीन तरी हवीतच. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून प्रमाण कळत नाही.

मग घटक. हळव्या त्वचेला बहुधा झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजं सोसतात. त्यातही झिंक ऑक्साइड यूव्हीएचा मोठा पट्टा झाकतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रिलिन यांची ॲलर्जी काहींना होते, म्हणून सुरुवात त्यांच्याशिवाय करावी. सगळे केमिकल फिल्टर वाईट असं मात्र नाही. नवे फिल्टर यूव्हीएवर चांगलं काम करतात आणि ते सोसत असतील तर मिनरलचाच हट्ट धरायचं कारण नाही.

मिनरल सनस्क्रीनचा त्रास वेगळाच. सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरं, राखाडी दिसतं आणि मग बाई ते लावणंच सोडते. त्यावर उपाय म्हणजे रंग असलेलं, टिंटेड सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं, त्यामुळे चट्टा गेल्यावर मागे राहणारे काळे डाग आणखी गडद होण्यापासून मदत होते.

सुगंध टाळायचाच. इथे एक मेख आहे. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, वास दाबायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रॅगरन्स फ्री’ शब्द शोधावा. स्प्रे आणि पटकन सुकणाऱ्या जेलमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, ते झोंबतं. ‘हर्बल’ शब्दावर भाळू नये. त्यातली सुगंधी तेलंही ॲलर्जी देतात.

नवी ट्यूब थेट चेहऱ्यावर नको. आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. खाज, लाली आली नाही तर मग चेहरा. ट्यूब स्कूटरच्या डिकीत मात्र ठेवू नये, उष्णतेनं ती खराब होते.

खरा प्रश्न: किती लावायचं आणि परवडतं का?

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर लावून. चेहऱ्यासाठी याचा सोपा हिशोब म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची. साधारण एक ग्रॅम होतं. मान आणि कानांना आणखी लागतं. बहुतेक लोक वाटाण्याएवढं घेतात. मग ५० चं संरक्षण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं.

उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावायचं. दिवसातून तीनदा धरलं तर रोज तीन ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब सोळा-सतरा दिवसांत संपते. ट्यूब चारशे रुपयांची धरली तर महिन्याला जवळपास आठशे रुपये झाले. रोजंदारीवर हा खर्च छोटा नाही. अमेरिकेत सनस्क्रीनचं नियमन औषध म्हणून होतं, भारतात ते सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत बसतं. ल्युपसच्या रुग्णासाठी ही विभागणी अन्यायाचीच आहे.

म्हणून महागडी ट्यूब पुरवून पुरवून लावण्यापेक्षा स्वस्त, बिनसुगंधी, चार अधिक चिन्हांची ट्यूब भरपूर लावणं कधीही चांगलं. उरलेलं काम कापडाकडून करून घ्यायचं. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या पुण्याच्या मुलींची कितीही थट्टा झाली, तरी ल्युपसच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे. कापड घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं हवं. पातळ पांढरी ओढणी कमी अडवते आणि घामानं भिजली की आणखी कमी. जिथे कापड आहे तिथे सनस्क्रीन वाचतं, मग ते नाक, गाल, कान यांच्यावर सढळ हातानं लावता येतं.

वेळही पाहावी. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की अतिनील किरण जोरात आहेत असं समजायचं. त्या वेळेत गाळ्याच्या आतलं काम मागून घेता आलं तर उत्तम, मात्र पत्र्याखालीही उघड्या आकाशाकडून विखुरलेले किरण येतात. गाळ्यात जुने सीएफएल दिवे डोक्याजवळ असतील तर ते बदलून एलईडी लावावेत. सीएफएलमधून थोडे अतिनील किरण बाहेर पडतात.

सनस्क्रीन सुरू केलं म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी गोळी बंद करायची नाही. ऊन टाळल्यानं ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं, त्याची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी गोळ्या घेताना ल्युपस असल्याचं आधी सांगावं. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं उन्हाचा त्रास वाढवतात.

आणि नीट सनस्क्रीन लावूनही नवे चट्टे येत असतील, तोंडात फोड, पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर ट्यूब बदलत बसू नये. त्याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवून लघवी आणि रक्त तपासून घ्यावं.